कॅटलिनाची प्रतिकृती : आधी तारीख, मग रंग

कुवेंपुनगर हा म्हैसूर शहरातील, कन्नड कवी कुवेंपु यांच्या नावाने ओळखला जाणारा निवासी भाग. तेथील एखाद्या घरात दुसऱ्या महायुद्धातील जलविमानाची प्लास्टिकची प्रतिकृती जोडली जात असेल, तर पाहणाऱ्याला तो परक्या देशाचा छंद वाटणे स्वाभाविक आहे. मात्र 'कॅटलिना' या अमेरिकी बनावटीच्या जलविमानाचा जुन्या म्हैसूर संस्थानाशी प्रत्यक्ष संबंध आला होता. त्या संबंधात एका मराठी मुलखातील उद्योजकाचाही वाटा होता.

सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरू येथे 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' हा कारखाना सुरू केला. १९४२ मध्ये भारत सरकारने वालचंद यांचे भाग विकत घेऊन कारखान्याचे नियंत्रण आपल्याकडे घेतले. १९४३ पासून अमेरिकी लष्कराच्या देखरेखीखाली तेथे युद्धविमानांची दुरुस्ती होऊ लागली. त्यात कॅटलिना विमानेही होती. ती बेळ्ळंदूर तलावाच्या पाण्यावर उतरत आणि तेथून दुरुस्तीसाठी कारखान्यात नेली जात.

विमानाचे स्वरूप

कॅटलिनाचे पहिले उड्डाण मार्च १९३५ मध्ये झाले. नौकेसारखा तळ, त्यावर एका खांबाच्या आधाराने उंच बसवलेला पंख, पंखावर प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची दोन इंजिने आणि मागच्या भागात दोन्ही बाजूंना काचेचे फुगवटे, अशी त्याची रचना होती. वेग कमी असला तरी हे विमान तासन् तास समुद्रावर टेहळणी करू शकत असे. ब्रिटिश हवाई दलाच्या कॅटलिना तुकड्या मद्रासजवळील रेड हिल्स तलावावर आणि कराचीजवळील कोरंगी खाडीतही होत्या.

विमानाची लांबी सुमारे १९.५ मीटर, तर पंखांचा विस्तार सुमारे ३१.७ मीटर होता. एकास बहात्तर या प्रचलित प्रमाणात ही मापे अनुक्रमे २७ आणि ४४ सेंटिमीटर होतात. सहा फूट उंचीचा वैमानिक या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. एकास अठ्ठेचाळीस प्रमाणातील प्रतिकृतीचा पंख मात्र ६६ सेंटिमीटरचा होत असल्याने ती ठेवायला मोठे कपाट लागते.

पहिला निर्णय तारखेचा

संच उघडताच भाग जोडायला घेण्याचा मोह होतो. अनुभवी छांदिष्ट मात्र आधी एक गोष्ट ठरवतात : हे विमान कोणत्या ठिकाणचे आणि कोणत्या महिन्यातील आहे? पुढील जवळजवळ सर्व निर्णय या उत्तरावर अवलंबून असतात.

४ एप्रिल १९४२ चे उदाहरण घेता येईल. श्रीलंकेतील कोग्गला येथून निघालेल्या कॅनडाच्या ४१३ व्या तुकडीच्या कॅटलिनाला त्या दिवशी जपानी नौदलाचा ताफा दिसला. वैमानिक लेनर्ड बर्चल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनतारी संदेश पाठवला. जपानी लढाऊ विमानांनी हे विमान पाडले. नऊ जणांपैकी तिघांचा मृत्यू झाला आणि सहा जण कैद झाले. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर हल्ला झाला, तेव्हा बंदर बेसावध नव्हते. बर्चल यांची सुटका १९४५ मध्ये झाली.

हे विमान चाके नसलेल्या प्रकारचे होते. अशा विमानाला जमिनीवर आणताना बाहेरून तात्पुरती चाके जोडावी लागत. चाके पोटात घेणारा जमीन व पाणी या दोहोंवर चालणारा प्रकार वेगळा होता. त्यामुळे संचातील चाकांचे खळगे पाहूनच तो कोणत्या प्रकाराचा आहे, याची खात्री करावी लागते.

दुसरा प्रश्न लाल रंगाचा. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या मध्यभागी लाल ठिपका होता. जपानी विमानांवरील लाल गोलाशी गोंधळ होऊन आपल्याच विमानांवर गोळीबार होण्याचा धोका असल्याने या आघाडीवर पुढे तो काढून टाकण्यात आला. त्यानंतर गडद आणि फिकट निळ्या रंगांची वर्तुळे रूढ झाली. अमेरिकेनेही मे १९४२ मध्ये आपल्या चिन्हातील लाल ठिपका याच कारणाने काढला. म्हणजेच बर्चल यांच्या विमानावर लाल ठिपका हवा, तर १९४४ मधील रेड हिल्सच्या विमानावर तो असता कामा नये.

जोडणी आणि रंगकाम

कवचाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वी आतील बाजू रंगवून घ्यावी लागते, कारण काचेच्या फुगवट्यांतून ती दिसते. प्रतिकृती चाकांवर उभी करायची असल्यास नाकाच्या पोकळीत वजन भरणे आवश्यक असते, अन्यथा ती शेपटीवर बसते. सर्वांत अवघड टप्पा पंखाचा. एक खांब आणि चार तिरप्या आधारांवर लांब पंख पेलला जातो. तो किंचितही तिरपा बसला, तर समोरून लगेच जाणवते. त्यामुळे डिंक पूर्ण सुकेपर्यंत पंखाला दोन्ही टोकांखाली समान उंचीचा टेकू देतात. टोकांजवळचे तरंगक उड्डाणात वर दुमडून पंखाचेच टोक बनत. म्हणून पाण्यावरील विमान दाखवताना ते खाली उतरवलेले हवेत.

सांध्यांना लांबी भरून, ती घासून, अस्तराचा हात दिल्यानंतरच रंग दिला जातो. पावसाळ्यातील दमट हवेत फवारलेल्या काही रंगांवर आणि वार्निशवर पांढुरकी साय धरते. अशा वेळी कोरड्या दिवसाची वाट पाहणे श्रेयस्कर ठरते. डिंक व रंगांच्या वाफा अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि लहान मुलांनी हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे सर्वांत शेवटी लावली जातात. संचातील कागदावर अनेकदा वेगवेगळ्या काळांतील चिन्हे एकत्र छापलेली असतात, तेव्हा आरंभी ठरवलेली तारीख उपयोगी पडते. प्रतिकृतीच्या बैठकीवर ती तारीख आणि ठिकाण लिहून ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला हे कोणाचे विमान आणि त्यातील माणसे त्या दिवशी कोठे होती, हे विचारता येते.