गव्हाणींतील नवें शास्त्र

शहरांतील घरांत सकाळीं दूध आलें म्हणजे चर्चा होते ती त्याच्या भावाची, किंवा त्यांतील पाण्याची. तें देणाऱ्या गाईच्या पुढ्यांत आदल्या दिवशीं काय पडलें होतें, हा प्रश्न क्वचितच निघतो. वास्तविक दुग्धव्यवसायांत सर्वांत मोठा खर्च वैरणीचा व खाद्याचा. तो कमी कसा करावा, याविषयीं शास्त्रानें पुष्कळ शोधून ठेविलें आहे. तरीहि कांहीं सुधारणा गोठ्यांत सहज शिरतात व कांहीं दारावरूनच परत जातात. याचें खापर शेतकऱ्याच्या अडाणीपणावर फोडण्याची सुशिक्षितांस संवय आहे. परंतु त्या शेतकऱ्याचा हिशेब मांडून पाहिला कीं हा आरोप टिकत नाहीं.

कडब्याची कुट्टी घ्या. अखंड पेंढी टाकली म्हणजे जनावर पाला खातें व जाड ताटें पायांखालीं तुडवितें. तोच कडबा यंत्रांत घालून बारीक केला म्हणजे पुष्कळसा वांचतो. हें पटविण्यास व्याख्यान लागत नाहीं; त्याच संध्याकाळीं गव्हाण पाहिली कीं पुरे. कुट्टीचें यंत्र खेडोपाडीं पोंचलें तें यामुळें.

युरियाची प्रक्रिया मात्र अशी सुदैवी ठरली नाहीं. भाताचा पेंढा किंवा गव्हाचें काड मुळांत निकस. १०० किलो पेंढ्यावर सुमारें ४ किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यांत विरघळवून शिंपडावा, ढीग दाबून हवाबंद झांकावा व तीन आठवड्यांनीं उघडावा. आंत निघणाऱ्या अमोनिया वायूनें पेंढा मऊ पडतो, पचनास सुलभ होतो आणि जनावर तो अधिक खातें. १९८० नंतरच्या काळांत भारतांत यावर पुष्कळ प्रयोग झाले. पद्धत शास्त्रदृष्ट्या खरी ठरली, पण गोठ्यांत फारशी रुजली नाहीं. ऐन उन्हाळ्यांत एवढें पाणी वाहावयाचें कोणीं? ढीग रचण्यास माणसें हवींत, झांकण्यास प्लास्टिक हवें. शिवाय नुसता युरिया पोटांत गेला तर जनावर दगावतें, हें भय खोटें नव्हे. आणि इतका खटाटोप करून दोन-तीन लिटर देणाऱ्या गाईचें दूध वाढावयाचें तें किती? अंगीं अधिक दूध देण्याची शक्ति असलेली संकरित गाय दावणीस आली, म्हणजेच चांगल्या खाद्यावर केलेला खर्च फिटूं लागतो.

मुरघासाची कथा अधिक बोधप्रद आहे. हिरवा मका दाणे चिकांत असतां कापून, बारीक करून, दाबून हवाबंद ठेविला म्हणजे त्यांत दुधाचें दहीं करणारें आम्लच तयार होतें व चारा महिनोन्महिने टिकतो. फ्रान्समध्यें ऑग्युस्त गोफार यानें यावर १८७७ सालीं ग्रंथ लिहिला. फिनलंडच्या विर्तानेन यास १९४५ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांत चारा टिकविण्याच्या त्याच्या पद्धतीचा मोठा वांटा होता. इतकी जुनी व मान्य युक्ति महाराष्ट्रांतील लहान शेतकऱ्यानें इतकीं वर्षें दूर कां ठेविली?

उत्तर खड्ड्याच्या मापांत आहे. खड्डा एकदां उघडला कीं हवा लागते, म्हणून उघड्या तोंडावरून रोज निदान १० सेंटिमीटरांचा थर काढावा लागतो. तोंड २ मीटर रुंद व दीड मीटर उंच असेल तर हा थर दीड क्विंटलाहून अधिक भरतो. एक गाय दिवसाकांठीं २० किलोंच्या आसपास खाते. म्हणजे दोन गाईंच्या मालकास ४० किलो पुरे. उरलेला मुरघास बुरशीच्या स्वाधीन! मोठ्या गोठ्यास जें वरदान, तेंच त्याला नुकसान. अलीकडे प्लास्टिकच्या लहान पिशव्या आल्या, भरलेल्या पिशव्या विकतहि मिळूं लागल्या, आणि तोच शेतकरी मुरघास घालूं लागला. त्याची बुद्धि तीच होती, माप बदललें. अर्थात् मक्यास पाणी व जमीन लागतेच, आणि अर्धा एकर मका म्हणजे अर्धा एकर कांदा किंवा बाजरी सोडणें. ज्या दुष्काळी गांवास सांठविलेल्या चाऱ्याची गरज सर्वांत अधिक, तेथेंच तो सांठविणें सर्वांत कठीण जातें.

आणखी एक गोष्ट अधिकारी वर्गाच्या नजरेंतून निसटते. वैरण आणणें, टाकणें, शेण काढणें, पुष्कळदां धारहि काढणें हें घरांतील बायकांचें काम. सभेस जातात ते बहुधा पुरुष, आणि संस्थेचें दुधाचें बिलहि बहुतेक त्यांच्याच नांवें निघतें. ज्या सुधारणेनें कष्ट एकीचे वाढतात व पैसा दुसऱ्याच्या हातीं पडतो, ती त्या घरांत मुकाट्यानें बंद पडते.

खनिज मिश्रणाचें तसेंच. रोज मूठभर भुकटी. तिनें पुढें गाय वेळेवर माजावर येण्यास व गाभण राहण्यास साहाय्य होतें. पण हा लाभ बादलींत दिसत नाहीं, आणि महिन्यांनंतर गाय गाभण राहिली तर श्रेय रेतन करणाऱ्यास मिळतें. उलट, पशुखाद्याचें पोतें दूधसंस्थेंतून उधार मिळतें, किंमत दुधाच्या बिलांतून परस्पर वळती होते, आणि दुधांत पडलेला फरक थोड्याच दिवसांत मापांत उतरतो. तें पोतें मात्र गोठ्यागोठ्यांत जाऊन पोंचलें आहे.