सूरजागडच्या अवतीभवतीची पुस्तके

ज्या मुलखाचे नाव वृत्तपत्रांतून लोहखनिज, चकमक आणि कुपोषण या तीन निमित्तांनीच वाचावयास मिळते, त्या मुलखाविषयी ग्रंथांतून काय लिहिले गेले आहे हे एकदा सलगपणे पाहावे, या साध्या कुतूहलापोटी मी अलीकडे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांविषयीची, बहुतांशी मराठी, पुस्तके वाचीत आलो आहे. मी समीक्षक नव्हे, मानववंशशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. वाचनालयाचा जुना वर्गणीदार एवढीच माझी पात्रता. तेव्हा पुढे मांडलेली मते एका हौशी वाचकाची म्हणूनच घ्यावीत. ती कोणाला पटावीतच असा आग्रह नाही. परंतु ती वाचून एखाद्याने मूळ पुस्तक मागून घेतले, तर या लेखाचे काम झाले असे मी समजेन.

सूरजागडची डोंगररांग या वाचनाची मध्यखूण धरली, त्याला कारण आहे. एटापल्ली तालुक्यातील या डोंगरावर ठाकुरदेवाचे स्थान आहे आणि दर वर्षी जानेवारीच्या सुमारास सभोवारच्या गावांतील माडिया गोंड, डोंगराला आपला देव मानून, तेथे यात्रेस जमतात. त्याच डोंगराच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. 2007 मध्ये सुमारे 348 हेक्टरांचा खाणपट्टा मंजूर झाला, 2016 मध्ये प्रत्यक्ष उत्खनन सुरू झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खनिज वाहणारी वाहने जाळली, आणि 2021 पासून काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर चालू झाले. म्हणजे एकच डोंगर एका दफ्तरी खाणपट्टा म्हणून नोंदलेला आहे आणि लोकांच्या स्मरणात देवस्थान म्हणून. डोंगराची ही गत, तर डोंगराखालच्या माणसाची काय असेल? या मुलखावरचे पुस्तक येथल्या माणसाची नोंद कोणत्या रकान्यात करते, हा एकच प्रश्न मी प्रत्येक पुस्तकाला विचारीत गेलो.

आरंभ जुन्या सरकारी कागदांपासून करणे क्रमप्राप्त होते. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर चांदा (आजचा चंद्रपूर-गडचिरोली) जिल्हा इंग्रजी अंमलाखाली आला, आणि मेजर लूसी स्मिथ या अधिकाऱ्याने 1869 मध्ये त्या जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला. जमाबंदीचा अहवाल म्हटला की सारा, मौजे, तलाव आणि जमीनदाऱ्या यांचा रूक्ष तपशील असावयाचा, अशी आपली समजूत असते. तो तपशील तेथे आहेच. परंतु चांद्याच्या गोंड राजांची वंशावळ, आणि 1858 च्या उठावाची हकीकत यांसाठी आजचा इतिहासकारही याच ग्रंथाकडे वळतो. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि आडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी माणसे जमवून त्या वर्षी इंग्रजी सत्तेला आव्हान दिले. एप्रिल अखेरीस चिंचगुंडी येथे तारखात्याचे दोन अधिकारी मारले गेले. आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अधिकाऱ्याच्या लेखी हे सारे बंड, आणि बाबुराव बंडखोर. त्याच बाबुरावांच्या नावे भारतीय टपाल खात्याने 2009 मध्ये तिकीट काढले. माणूस तोच, कृत्य तेच. दीडशे वर्षांत सरकार पालटले आणि रकाना पालटला.

1909 चे चांदा जिल्हा गॅझेटियर याच वळणाचे. लोहारा, पिंपळगाव, देवळगाव येथील लोहखनिजाची दखल तेव्हाच ग्रंथबद्ध झाली होती, हे वाचताना सूरजागडचा आजचा वाद किती जुन्या पायावर उभा आहे याची कल्पना येते. या ग्रंथांविषयी माझे मत असे की, ते तुच्छतेने दूर सारावेत असे नाहीत. राज्यकर्त्याला मुलूख राखावयाचा असतो, म्हणून तो डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि त्याचे मोजमाप सहसा चुकत नाही. चुकतो तो माणसाच्या अंतरंगाविषयीचा अभिप्राय, आणि तो मात्र निःशंकपणे दिलेला असतो. त्यांच्यातील आकडे घ्यावेत आणि विशेषणे गाळावीत, एवढे पथ्य सांभाळले म्हणजे झाले.

तेथून एकदम 'प्रकाशवाटा'कडे यावे. डॉ. प्रकाश आमटे यांचे हे आत्मकथन 2009 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि भामरागडजवळ हेमलकसा येथे 1973 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची कथा त्यामुळे मराठी घराघरांत पोचली. रस्ता नाही, वीज नाही, पावसाळ्यात जगाशी संपर्क नाही, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांची भाषा येत नाही, अशा स्थितीत एक डॉक्टर दांपत्य तेथे कसे रुजले, हे लेखक इतक्या अनलंकृत भाषेत सांगतो की स्तुती करावयास वाचकाला शब्द शोधावे लागतात. मला त्यातील एक प्रसंग विशेष महत्त्वाचा वाटतो. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या हाती मारलेली माकडीण असते, आणि तिचे जिवंत पिल्लू अजून तिच्या अंगाला बिलगलेले असते. डॉक्टर ते पिल्लू मागून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. हेमलकशाच्या प्राणि-अनाथालयाचा उगम तो. या ठिकाणी दुसऱ्या एखाद्या लेखकाने शिकाऱ्यांना क्रूर ठरविले असते. आमटे तसे करीत नाहीत. भुकेमुळे शिकार होते, तेव्हा आधी भूक समजून घ्यावी लागेल, हे ते सहज सांगून जातात. माझी तक्रार इतकीच की या पुस्तकात माडिया माणूस येतो तो बहुधा रुग्ण म्हणून वा विद्यार्थी म्हणून. दवाखान्याच्या दारातून दिसणारे जग तेवढेच असणार हे मान्य केले, तरी बरा होऊन घरी गेलेला माणूस तेथे कसा जगतो, हे जाणण्याची इच्छा अपुरी राहते.

ती इच्छा काही अंशी पुरी करतात विलास मनोहर. याच प्रकल्पात आयुष्य वेचणाऱ्या या लेखकाचे 'नेगल' हे पुस्तक तेथील बिबळ्यावर आणि इतर प्राण्यांवर आहे, आणि ते अतिशय वाचनीय आहे. मात्र ते वाचून संपविल्यावर त्या बिबळ्याचा स्वभाव मला जितका कळला तितका शेजारच्या पाड्यावरच्या माणसाचा कळला नाही, असेही वाटले. त्यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी ही उणीव भरून काढते. 1980 च्या सुमारास नक्षलवादी गोदावरी-प्राणहितेकडून या जिल्ह्यात शिरले, आणि तेव्हापासून येथील तरुणाविषयी जे लिहिले गेले त्यात एक तर विचारप्रणालीची चर्चा असते, नाही तर पोलिसी टिपणीची भाषा. मनोहरांनी माडिया तरुणाच्या घरापासून सुरुवात केली. क्षुल्लक लाच, कवडीमोलाने नेलेला रानमेवा, चारचौघांत झालेला पाणउतारा, अशा लहानसहान गोष्टी साचत जाऊन माणूस कोठे ढकलला जातो, ते या कादंबरीत दिसते. बाहेरून आलेल्या लेखकाने दुसऱ्याच्या मनात शिरून बोलावे की नाही, हा आक्षेप येथे घेता येईल, आणि काही संवाद लेखकाच्याच तोंडचे वाटतात हेही खरे. तरी समजून घेणे आणि समर्थन करणे यांतील सीमारेषा त्यांनी सांभाळली आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

वनाधिकाऱ्यांच्या लेखनात अर्थातच मारुती चितमपल्ली यांना अग्रमान. त्यांचे 'नवेगावबांधचे दिवस' शेजारच्या झाडीमुलखातले, आणि 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र तर साऱ्या वनजीवनाचा प्रपंच मांडणारे. वनखात्यात नोकरी केलेली माणसे पुष्कळ. परंतु हाताखालचा वनमजूर आणि तळ्यावरचा ढिवर यांना गुरुस्थानी मानून त्यांच्यापाशी बसणारा अधिकारी विरळा. झाडीबोलीतील, गोंडीतील शेकडो शब्द त्यांनी मराठीच्या पदरात घातले. जून 2025 मध्ये ते निवर्तले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना अरण्यऋषी म्हणून निरोप दिला. अशा लेखकाविषयी वेगळे मत मांडणे धाडसाचे; तरीही सांगतो. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांच्यामधील भिंत चितमपल्ली पुष्कळदा उभारीतच नाहीत. लोकसमजूत निरीक्षणाच्याच सुरात येते आणि भोळा वाचक तिला शास्त्र समजून बसतो. त्यांचे गद्य ललित म्हणून वाचणाऱ्याला निखळ आनंद आहे. पक्षिशास्त्र म्हणून वाचणाऱ्याने शेजारी दुसरा ग्रंथ ठेवावा.

आता ज्या पुस्तकाने मला सर्वांत अधिक काही दिले त्याकडे वळतो. डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' हे आकाराने लहान. गडचिरोलीच्या खेड्यांतील बाया झाडांविषयी बोलतात आणि डॉक्टरीणबाई ऐकतात, एवढाच त्याचा घाट. मोहाचेच पाहा. मार्च-एप्रिलात फुलांचा सडा पडतो तेव्हा झाडाखालचा पाचोळा आधी झाडून वा जाळून जागा मोकळी करावयाची, पहाट फुटण्याच्या आत टोपली घेऊन जावयाचे, वेचलेली फुले अंगणात वाळवावयाची. पुढे पावसाळ्याच्या तोंडी टोळी, म्हणजे मोहाची बी, गोळा करून तिचे तेल काढावयाचे. वनखात्याच्या यादीत हे गौण वनोपज. बाईच्या हिशेबात ते वर्षाचे मीठ-मिरची, लुगडे आणि आजारपणाचा खर्च. झाडाविषयी बोलता बोलता बाई सासरविषयी, बाळंतपणाविषयी, एकटेपणाविषयी बोलू लागते. या ऐकण्यामागे तपश्चर्या आहे. बंग दांपत्याने वसा आणि अमिर्झा या गावांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. ज्या डॉक्टरने हा आकडा जगापुढे ठेवला, त्याच डॉक्टरने आकड्याच्या आतली बाई झाडाखाली बसून बोलती केली. येथे बाई सांगणारी आहे आणि शिकलेला माणूस श्रोता. रकाना उलटा झालेला मला या पुस्तकात प्रथम दिसला.

मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे तेच सूत्र समाजशास्त्राच्या अंगाने पुढे नेते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगट चालविले, निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करावयाचा दंडक घातला, आणि दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असले तरी गावात आम्हीच सरकार, अशी घोषणा दिली. वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पुढे बांबूचा प्रश्न आला. 2006 च्या याच कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले होते. परंतु जुन्या वनकायद्याच्या आधारे तो झाड मानला जात असल्याने, हक्क गावाचा आणि वाहतुकीचा परवाना मात्र खात्याचा, असा विचित्र पेच होता. तो 2011 मध्ये सुटला आणि परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. बोकील हे सारे अतिशय सावकाश सांगतात. सभा, चर्चा, पुन्हा सभा. काही वाचकांना ते कंटाळवाणे वाटेल. मला वाटते, लोकशाही ही मुळातच वेळखाऊ गोष्ट असल्याने तिचे प्रामाणिक वर्णन घाईघाईने होऊच शकत नाही. या पुस्तकात माणसाची नोंद दुसरा कोणी करीत नाही. गाव स्वतःची नोंदवही स्वतः लिहिते आणि लेखक ती आपल्याला वाचून दाखवितो.

तरीदेखील वाचून दाखविणारा बाहेरचाच. येथल्या माणसाचे स्वतःचे लेखन नाही असे मुळीच नाही. पहिले आदिवासी साहित्य संमेलन 1979 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे भरले. विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे' हा संग्रह 1987 मध्ये आला. उषाकिरण आत्राम यांनी गोंडीतून आणि मराठीतून, कुसुम आलाम यांनी मराठीतून कविता लिहिली. या कवितांत संताप आहे, अभिमान आहे. कधीकधी घोषणेचा स्वर कवितेवर मात करतो, हे माझे मत मी लपवीत नाही. मला उणीव भासते ती गद्याची. या मातीतल्या माणसाने लिहिलेली गावाची बखर, ठाकुरदेवाच्या यात्रेचे आतून केलेले वर्णन, खाणीवर कामाला लागलेल्या मुलाच्या आईचे आत्मकथन, यांतले काही माझ्या हाती आले नाही. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावी 2019 मध्ये ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली. तशा शाळांतून पुढे गद्यलेखक निघतील अशी आशा बाळगावयास हरकत नाही.

तोवर, ज्यांना या मुलखाविषयी वाचावयाचे असेल त्यांना मी क्रम सुचवीन तो असा: आधी 'गोईण', मग 'गोष्ट मेंढा गावाची', मग 'प्रकाशवाटा' आणि मनोहरांची कादंबरी, चितमपल्ली केव्हाही, आणि सर्वांत शेवटी लूसी स्मिथ. कारण आधी माणसांशी ओळख झाली म्हणजे मग जमाबंदीच्या आकड्यांत ती ओळखू येतात. उलट क्रमाने गेल्यास आकडेच डोक्यात राहतात. अलीकडे गडचिरोलीच्या दुर्गम गावांतून पोलिसांच्या पुढाकाराने वाचनालये निघाली आहेत. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांबरोबर ही पुस्तकेही तेथे जावीत, आणि एटापल्लीच्या वा भामरागडच्या एखाद्या तरुण वाचकाने ती वाचून, आपल्याविषयी जे लिहिले गेले त्यातले खरे किती आणि ऐकीव किती, याचा अभिप्राय एखाद्या मासिकाकडे लिहून पाठवावा. माझ्यासारख्याच्या मतांपेक्षा संपादकांनी त्याला अधिक जागा द्यावी.