ओढणीच्या पाण्यातली गवतगाडी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक मोठे तैलचित्र आहे. रुंदी सुमारे सहा फूट, उंची सव्वाचार फूट. नाव 'द हे वेन', म्हणजे गवताची गाडी. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने ते १८२१ साली पुरे केले. इंग्लंडात हे चित्र कॅलेंडरांवर, डब्यांवर, भिंतींवर शेकडो वेळा छापले गेले आहे. पण ते नीट पाहायचे तर शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले पाहिजे.

मध्यभागी उथळ पाण्यात तीन घोड्यांची एक लाकडी गाडी उभी आहे. गाडीत दोन माणसे आहेत, पण गाडी रिकामीच आहे. मग गवत कुठे आहे? ते पलीकडे उजवीकडच्या कुरणात. तिथे दूरवर कापणी करणारे माणसांचे ठिपके दिसतात. म्हणजे गाडी भरायला चालली आहे. डावीकडे एक जुने घर, घराशी पाण्यावर कामात असलेली एक बाई, अलीकडच्या काठावर एक कुत्रा, उजवीकडे झुडपांत होडीजवळ एक माणूस. राजा नाही, सरदार नाही, देवादिकांची कथा नाही. साधा कामाचा दिवस आहे.

गाडी पाण्यात का थांबली असेल? घोड्यांना पाणी पाजायला, हे एक कारण. दुसरे कारण ज्यांनी लाकडी चाकाची बैलगाडी हाकली आहे त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसते, आरे खिळखिळे होतात आणि लोखंडी धाव सैल पडते. चाक पाण्यात भिजले की लाकूड फुगते आणि धाव पुन्हा घट्ट बसते. या चित्राविषयी लिहिणारे अनेकजण हेही कारण देतात.

हे बारकावे कॉन्स्टेबलला कोणी शिकवावे लागले नाहीत. त्याचा जन्म १७७६ साली सफक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट गावी झाला. वडील धान्याचे व्यापारी. स्टूर नदीवरची फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांची होती, आणि चित्रातली जागा त्या चक्कीच्या शेजारचीच आहे. वडिलांची इच्छा होती की मुलाने धंदा सांभाळावा. तरुणपणी त्याने चक्कीवर कामही केले. पुढे धंदा धाकट्या भावाने पाहिला आणि जॉन लंडनला चित्रकला शिकायला गेला. उन्हाळ्यात गावी येऊन तो टिपणे काढी आणि मोठी चित्रे लंडनच्या खोलीत रंगवी. गवतगाडीचे हे चित्र तसेच तयार झाले. गाडीची बांधणी चुकू नये म्हणून त्याने गावाकडून गाडीची रेखाटने मागवून घेतली होती.

आकाशाचेही तसेच. चित्रात दुपार आहे, पण डावीकडे ढग दाटून आलेले आहेत. कापलेले गवत वाळत पडले असताना पाऊस आला तर काय होते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या देशात हिवाळ्यात जनावरांना हीच वैरण. कॉन्स्टेबल नुसत्या ढगांची चित्रे काढी आणि कागदामागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. चक्कीवर वाढलेल्या मुलाची ती सवय असावी.

लंडनच्या रॉयल अकादमीत १८२१ साली चित्र मांडले, पण विकले गेले नाही. गाडी, चिखल, पाणी यांना एवढा मोठा कापड कशाला, अशीच तेव्हाची समजूत होती. अखेर एका फ्रेंच व्यापाऱ्याने हे चित्र, आणखी एक मोठे आणि एक लहान अशी तीन चित्रे मिळून २५० पौंडांना घेतली. १८२४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती गाजली आणि फ्रान्सच्या राजाने कॉन्स्टेबलला सुवर्णपदक दिले. स्वदेशात अकादमीचे पूर्ण सभासदत्व त्याला १८२९ साली, बावन्नाव्या वर्षी मिळाले. १८३७ साली तो वारला.

आता जे चित्रात नाही तेही सांगितले पाहिजे. १८१५ साली नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले आणि धान्याचे भाव कोसळले. शेतमजुरांची मजुरी आणि काम दोन्ही घटले. हिवाळ्यात हाताने मळणी करून पोट भरणाऱ्यांचे काम मळणीयंत्रांनी हिरावून घेतले. १८२२ साली सफक आणि आसपासच्या भागात मजुरांनी यंत्रे मोडली, गंजींना आगी लागल्या. रोज रात्री जवळ वा दूर कुठेतरी आग दिसते, असे कॉन्स्टेबलच्या भावाने त्याला कळवले होते. मालकाघरच्या या मुलाने मजुरांचे ते दुःख रंगवले नाही. त्याने आपल्या लहानपणची शांत दुपार रंगवली.

म्हणून चित्र खोटे ठरत नाही. चाक खरे आहे, पाणी खरे आहे, ढग खरा आहे. फक्त दूर कुरणातल्या त्या लहान ठिपक्यांकडे नजर जाऊ द्या. कापणी करणारे ते लोक संध्याकाळी काय मजुरी घेऊन घरी गेले असतील, हे चित्र सांगत नाही. पण शेतात राबणाऱ्या माणसाच्या मनात तो प्रश्न आल्याशिवाय राहत नाही.