दूरशिक्षण आणि विद्यार्थ्याचा तालुका

१९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, ते 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. गृहिणी, नोकरदार, शाळा मध्येच सुटलेले, अशा असंख्य लोकांना त्याने पदवीची वाट मोकळी करून दिली. पण प्रवेश मिळणं वेगळं आणि पदवी हातात पडणं वेगळं. मधल्या काळात विद्यार्थ्याची जिद्द पणाला लागते, तसाच त्याचा तालुकाही आडवा येतो. जिद्दीचं आपण कौतुक करतो. तालुक्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

पुस्तकं घरी वाचायची असली तरी संपर्कसत्रं, गृहपाठ, शंकानिरसन हे सगळं अभ्यासकेंद्राभोवती फिरतं, आणि ही केंद्रं बहुतेक ठिकाणी आधीपासूनच्या महाविद्यालयांतच चालतात. साहजिकच जिथे महाविद्यालयं दाट, तिथे केंद्रंही दाट. पुण्यातला विद्यार्थी सुटीच्या दिवशी बसने सत्राला जाऊन संध्याकाळच्या आत घरी परतू शकतो. भामरागडमध्ये पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. एरवीही दुर्गम पाड्यावरच्या मजुराला एका सत्रासाठी दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोजावं लागतं. प्रादेशिक असमतोलावरच्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, शिक्षण यांचा अनुशेष मोजला होता. दूरशिक्षण तो ओलांडून जाईल असं वाटलं होतं. ते त्याच नकाशावर उभं राहिलं.

इंटरनेटने हा प्रश्न सुटला, असं कोणी म्हणेल. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या शंभरातल्या जेमतेम पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत बेचाळीस घरांत. त्यानंतर फोन आणि डेटा सर्वदूर पसरले, हे मान्य. पण घरात फोन एकच आणि तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात असेल, तर व्याख्यान ऐकायचं कधी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा प्रदेशाचा नव्हे, गरिबीचा प्रश्न आहे. गरिबी आहेच. मात्र तेवढ्याच मिळकतीच्या शहरी मुलाला जवळपास अभ्यासिका सापडते, परीक्षेचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारा शेजारी पदवीधर भेटतो. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगरात साक्षरता नव्वद टक्क्यांच्या आसपास होती, नंदुरबारमध्ये चौसष्ट. तिथल्या धडगावच्या मुलीने अडलेलं विचारायचं कोणाला?

म्हणून विद्यार्थी कमी आहेत या सबबीवर दुर्गम तालुक्यातलं केंद्र बंद करू नये. तिथे जास्त पैसा आणि पूर्णवेळ मार्गदर्शक द्यावा. आणि विद्यापीठांनी एकूण प्रवेशांचे आकडे मिरवण्याऐवजी कोणत्या तालुक्यातले किती विद्यार्थी पदवीपर्यंत पोचले, हे दरवर्षी जाहीर करावं.