पांचव्या तारेची परीक्षा

कोणत्याही वाद्यवृंदांत ऐकणाराचें लक्ष सहसा वरच्या स्वरांकडे असतें. खालचा खर्ज चालू आहे तोंवर त्याची कोणी दखल घेत नाहीं. तो थांबला म्हणजे मात्र सारें गाणें पोकळ वाटूं लागतें. आधुनिक पाश्चात्य संगीतांत हें खर्जाचें काम बहुधा बास गिटारीकडे असतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं ‘प्रिसिजन बास’ विक्रीस काढली, आणि ई, ए, डी, जी या चार तारांचा तिचा नमुना पुढें रूढ झाला.

या चारांना पांचवी जोडण्याचा विचारही लवकरच सुरू झाला. फेंडर कंपनीनें १९६५ सालीं पांच तारांचें जें वाद्य काढलें, त्यांत जादा तार वरच्या ‘सी’ स्वराची होती. तें फारसें रुजलें नाहीं. पुढें १९७५-७६ च्या सुमारास जिमी जॉनसन या वादकानें अलेम्बिक कारखान्याकडून खालच्या ‘बी’ स्वराची तार असलेलें वाद्य करवून घेतलें. आज पांच तारांची बास म्हटली म्हणजे बहुधा हीच जोडणी समजली जाते. असें वाद्य आतां बेताच्या किंमतींतही मिळतें. परंतु त्यांत कोठें काटकसर झाली असेल, तर ती प्रथम पांचव्या तारेवरच उघडी पडते.

याचें कारण नादाच्या नियमांत आहे. ई तार सेकंदास सुमारें ४१ वेळां कंप पावते, बी तार सुमारें ३१ वेळां. लांबी तीच ठेवून स्वर उतरवावयाचा, तर तार जड तरी करावी किंवा ढिली तरी. ताण ई इतकाच राखावयाचा तर बी तार जवळजवळ पावणेदोन पट जड हवी. पण फार जाड तार ताठर होते व तिचा नाद मंदावतो. म्हणून पुष्कळदां इंचाच्या १३० सहस्रांश जाडीची तार घेऊन थोडा ढिलेपणा पत्करतात. कांहीं कारागीर तारेची लांबी ३४ ऐवजीं ३५ इंच ठेवतात. त्यानें ताण शेंकडा सहा वाढतो.

ज्याला एकच वाद्य परवडतें, त्यानें चकाकी न पाहतां ही तार पाहावी. ती मोकळी छेडली असतां स्वर उमटतो कीं नुसता धप्प आवाज होतो? तिच्या पांचव्या पडद्यावर ई हाच स्वर लागतो. तो शेजारच्या मोकळ्या ई तारेशीं जुळतो काय? जुळत नसेल तरी लगेच निराश होऊं नये. जुनी तार बदलणें, घोडी पुढें-मागें सरकविणें, तारेची उंची किंचित् वाढविणें आणि दांडींतील पोलादी सळईनें तिचा बांक सुधारणें, एवढ्यानें पुष्कळ वाद्यें सुधारतात. वांकडी पिळलेली दांडी मात्र दुरुस्तीच्या खर्चास पुरवत नाहीं.

घरीं लहान ध्वनिवर्धकावर ३१ कंपनांचा मूळ स्वर जवळजवळ उमटतच नाहीं. कान वरच्या उपस्वरांवरून तो जुळवून घेतो. त्यामुळें तेवढ्यावरून वाद्यास दोष देणें न्याय्य नव्हे.

वाजवितांना खरी अडचण निराळीच येते. सतारींत तरफांचा आपोआप उमटणारा झंकार हवासा वाटतो. येथें न छेडलेली बी तार गुणगुणूं लागली कीं सर्व स्वर गढूळ होतात. म्हणून वरच्या तारा वाजवितांना उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकवून ठेवावा लागतो. ई च्या खालचे पांच स्वर मिळतात, तसाच हात दूर न नेतां पुष्कळ स्वर एकाच जागीं सांपडण्याचा लाभही मिळतो. पण तार वाजविण्याइतकेंच तिला गप्प ठेवणें साधेल, तेव्हांच या वाद्यावर खर्चलेला पैसा कारणीं लागेल.