मूळ बघून पाणी

आमच्या वरवंडला पाणी म्हणजे आवर्तन. खडकवासल्याच्या कालव्याला पाणी सुटलं, आपली पाळी आली की ऊस तुडुंब भिजवायचा; पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. हीच सवय घेऊन गेल्या मृगाच्या तोंडावर मी रोपवाटिकेतून ऑर्किडच्या बारा कुंड्या आणल्या. आठ डेंड्रोबियम आणि चार सीतेच्या वेण्या.

ही रोपं मुळात झाडाच्या फांदीला धरून वाढणारी. त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून मातीचा कणही न घालता, बाजूनं भोकं असलेल्या कुंड्यांत कोळसा, विटांचे तुकडे आणि तीन दिवस पाणी बदलत भिजवलेले सोडणाचे तुकडे भरले. आषाढात नवे कोंब जोमानं वाढले. आठवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ पुरत होतं.

घात झाला हस्तात. आमच्याकडचा खरा पाऊस परतीचा. आभाळ चार दिवस उघडलं नाही, कुंड्या उघड्यावर, आणि मी मात्र ठरल्या दिवशी झारी फिरवतच होतो. डेंड्रोबियमच्या तीन रोपांचे कोवळे कोंब काळे पडले, बोट लावताच निसटून हातात आले. ती तिन्ही गेली. त्याच पावसात पत्र्याखाली पिंप भरून ठेवलं, एवढं मात्र शहाणपणाचं झालं.

मग मुळं बघायला शिकलो. कोरडं मूळ चांदीसारखं पांढुरकं दिसतं, भिजलं की हिरवं. त्यावरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषून धरतं. मूळ हिरवं असेल तर झारी खाली ठेवायची. थंडीत वाढ थांबली, कांड्या भरून राहिल्या, तेव्हा आठ-दहा दिवसांनी एकदा, सकाळच्या उन्हात पाणी दिलं. पानं पिवळी पडू लागली तेव्हा हात शिवशिवत होता. पण ती जुनी पानं होती, त्यांची वेळ भरली होती.

होळीनंतर कांडीच्या बुडाशी नवी मुळं डोकावली. कुंडी बदलायची वेळ हीच. कुजलेलं सोडण काढलं, मेलेली मुळं छाटली, जुन्या कांड्या काठाला टेकवून नवा कोंब मोकळ्या बाजूला ठेवला. मुळं धरेपर्यंत नुसती फवारणी.

वैशाखात पारा चाळिशीपार गेला. शेडनेटखाली ओली बारदानं अंथरली. कालव्याच्या पाण्यानं कुंड्यांवर क्षारांचा पांढरा थर धरला होता, म्हणून पिंपातलं पावसाचं पाणी काढलं. अखेरीस एका सीतेच्या वेणीला गुलाबी ठिपक्यांचा वीतभर झुपका लोंबला. आसामात हेच फूल बिहूला बायका केसांत माळतात.

बारातली नऊ रोपं आज जिवंत आहेत. पाण्यावाचून एकही मेलं नाही. तिन्ही पाण्यानंच गेली. तुम्हीही ऑर्किड लावाल तेव्हा आधी मूळ बघा, मग झारी उचला.