नाव तेच, पण कॅमेरा तोच का?

विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळवण्याइतकंच अवघड काम कोणतं? हातातला सेकंडहँड वेबकॅम नेमका कोणता आहे, हे ओळखणं! हसू नका मंडळी. वसई-विरारमधल्या पोरापोरींचा निम्मा दिवस गाडीत जातो. त्यामुळे इंटरव्ह्यू घरून देता आला, शिकवणी घरून घेता आली, तर तेवढाच चर्चगेटपर्यंतचा धक्का वाचतो. लॅपटॉपचा कॅमेरा अंधुक, नवा वेबकॅम खिशाला जड. मग ऑनलाइन जाहिरात बघून नालासोपारा स्टेशनबाहेर डील ठरतं, नाहीतर थेट लॅमिंग्टन रोड गाठला जातो.

खोका ओळखीचा, नाव ओळखीचं, भावही बरा. घरी येऊन जोडल्यावर कळतं, की रिव्ह्यूमध्ये जी सोय बघून आपण भुललो, ती यात नाहीच! विकणाऱ्याने गंडवलं का? दरवेळी नाही. बऱ्याचदा कंपनीनेच मॉडेलचं नाव तेच ठेवून आतला माल बदललेला असतो. याला म्हणतात हार्डवेअर रिव्हिजन.

एक नाव, तीन अवतार

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे लॉजिटेकचा सी-९२०. हा २०१२ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या पोटातच व्हिडिओ एच.२६४ पद्धतीने आवळून पाठवायची सोय होती. पुढे बनलेल्या सी-९२० मधून ती काढून टाकली गेली. संगणकच हे काम करण्याइतके दमदार झाले होते. पण नाव? तेच, सी-९२०!

यात एवढं काय बिघडलं? जरा हिशोब करू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके. सेकंदाला ३० चित्रं न आवळता पाठवायची, तर सेकंदाला साधारण ९९५ मेगाबिट लागतात. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८०. म्हणजे विरार फास्टची गर्दी एका रिक्षात कोंबण्यासारखंच! म्हणून कॅमेऱ्याला चित्र आवळावंच लागतं. नुसत्या कॉलसाठी नेहमीची एमजेपेग पद्धत पुरते. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावरून लाइव्ह व्हिडिओ पाठवायचा असेल, तर आवळायचा सगळा भार त्या बिचाऱ्या बोर्डावर येतो. तिथे जुना सी-९२० आणि नवा सी-९२० यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कॅमेऱ्याचं 'आधार कार्ड'

राऊटरच्या पोटाखाली अनेकदा 'व्हर्जन' छापलेलं असतं. वेबकॅमवर ते क्वचितच सापडतं. पण प्रत्येक यूएसबी उपकरण संगणकाला जोडलं, की आपली ओळख स्वतःच सांगतं. त्यात तीन आकडे कामाचे. व्हीआयडी म्हणजे कंपनी, पीआयडी म्हणजे त्या कंपनीचं उत्पादन आणि आरईव्ही म्हणजे आवृत्ती. लॉजिटेकची व्हीआयडी ०४६डी. सी-९२० या एकाच नावाखाली मात्र ०८२डी, ०८९२ आणि ०८ई५ अशा तीन पीआयडी आढळतात. मायक्रोसॉफ्टच्या लाइफकॅम एचडी-३००० च्याही दोन आहेत, ०७७९ आणि ०८१०.

विंडोजमध्ये हे बघायला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, कॅमेऱ्याच्या नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिन्ही आकडे एका ओळीत समोर येतील. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही कमांड द्यायची. लॅपटॉप सोबत नसेल, तर ओटीजी चालणारा अँड्रॉइड फोन आणि यूएसबीची माहिती दाखवणारं एखादं अ‍ॅप पुरतं. दोन मिनिटांचं काम, स्टेशनबाहेर उभ्या उभ्या होतं!

एक गल्लत टाळा. लॉजिटेकच्या काही जुन्या स्टिकरवरही 'पीआयडी' असं छापलेलं असतं, पण तो त्या नगाचा क्रमांक असतो. त्याचा यूएसबीच्या पीआयडीशी संबंध नाही.

जुना माल असेल तर

कपाटातून दादाचा पुरातन वेबकॅम निघाला असेल, तर हे आकडे आणखी महत्त्वाचे. वेबकॅमसाठी यूव्हीसी हा सामाईक नियम २००३ मध्ये आला. त्याआधी प्रत्येक चिपचा ड्रायव्हर वेगळा. एकाच नावाच्या दोन कॅमेऱ्यांत दोन वेगळ्या चिप निघायच्या आणि एकाची सीडी दुसऱ्याला चालायची नाही. मिशेल क्सार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने आपला व्यवसाय सांभाळून लिनक्ससाठी दोनशेहून जास्त वेबकॅमना चालतील असे ड्रायव्हर लिहिले. कोणता कॅमेरा कोणत्या चिपचा, हे ओळखायला आधार याच आकड्यांचा!

आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास नको

हे आकडे कॅमेऱ्याच्या आत लिहिलेले असतात, त्यामुळे नकली माल बनवणारा ते खोटेही लिहू शकतो. फर्मवेअर अपडेटनंतर आरईव्ही बदलूही शकते. उलट, बिननावाच्या स्वस्त कॅमेऱ्यात चिप बनवणाऱ्याची व्हीआयडी दिसली, उदाहरणार्थ ०सी४५, तर ती फसवणूक नव्हे. पण खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव आणि आत ०सी४५ असेल, तर हात आखडता घ्या.

आकडे जुळले तरी कॅमेरा चालवून बघाच. रिझोल्यूशनची यादी उघडा. 'फुल एचडी'च्या नावाखाली छोटं चित्र ताणून मोठं करणारेही कॅमेरे असतात. त्यांना पकडायला हातातलं हेच पान पुरेल. कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर धरा, फोटो काढा आणि झूम करा. खऱ्या फुल एचडीत बारीक अक्षरांच्या कडा धरून राहतात, ताणलेल्या चित्रात अक्षरांची खिचडी होते. नवा कॅमेरा घेताना बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो.

मग नवी रिव्हिजन वाईटच का?

अजिबात नाही. इंटरव्ह्यू आणि लेक्चरसाठी तिन्हीपैकी कोणताही सी-९२० छान चालेल. त्यासाठी 'जुना ओरिजिनल पीस' म्हणून जास्त पैसे मोजायची गरज नाही. आधी स्वतःला विचारा, मला नेमकं काय करायचंय? एच.२६४ ची सोयच हवी असेल, तर जाहिरात टाकणाऱ्याला सरळ मेसेज करा, 'दादा, हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट पाठवता का?' ज्याच्या मालात खोट नाही, त्याला तो पाठवायला मिनिटभर लागतं. आणि टाळाटाळ झाली, तर निदान गाडीभाडं तरी वाचलं!